बाळदमा आणि आपली ओसरी

(कुरुंदा येथे आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघात राहून गेलेल्या एकदोन गोष्टींची छापताना भर घातली आहे.)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस भाषणाचा विषय विचारला तेव्हा आम्ही 'बाळदमा' असे सांगितले. ते क्षणभर थांबले. आपल्या मेळाव्यात शिक्षण, संघटन, हुंडा, व्यसनमुक्ती आणि फार तर शेतमालाचा भाव यांवर भाषणे व्हावयाची असा परिपाठ आहे. लेकरांच्या खोकल्यावर भाषण व्हावे हे त्यांस काहीसे विलक्षण वाटले असावे. 'मग एखाद्या डॉक्टरांनाच बोलावू की', असे ते म्हणाले. डॉक्टरांना अवश्य बोलवावे. परंतु आम्हांस जे सांगावयाचे आहे ते दवाखान्यात घडत नाही. ते आपल्या घरात, तेही ओसरीच्या आतल्या बाजूस घडते, आणि तेथवर डॉक्टर सहसा पोहोचत नाहीत. आम्ही वैद्यकाचे जाणकार नव्हे. तीस-बत्तीस वर्षे शाळेत खडू झिजविला, एवढीच आमची विद्या. जे सांगणार आहोत ते एका नातवाच्या पायी शिकावे लागले, आणि त्या शिकण्यात आमच्या स्वतःच्या चुकांचा वाटा बराच मोठा आहे.

प्रथम आजाराविषयी थोडेसे. आपल्याकडे यास कोणी बाळदमा म्हणतात, कोणी 'लेकराची छाती भरली' म्हणतात, तर कोणी नुसतेच 'धाप लागते' म्हणून सोडून देतात. दम्याच्या लेकराच्या श्वासनलिकांना आतून कायमची सूज असते. ती सूज डोळ्यांस दिसत नाही, आणि लेकरू बरे असते त्या दिवशीही ती असतेच. अशा हुळहुळ्या नलिकांना धूर, धूळ, ओल, सर्दी अथवा फुलांचे पराग लागले की त्यांच्या भोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि श्वास बाहेर टाकताना बारीक शिटीसारखा आवाज येतो. पुष्कळ लेकरांना हा त्रास पहाटे होतो. सकाळी उन्हे वर आली की तेच लेकरू अंगणात विटी-दांडू खेळू लागते, आणि घरातील माणसे म्हणतात, 'गेले बघा, काही नव्हते.' या आजाराची सर्वांत मोठी फसवणूक हीच आहे. झटका दिसतो म्हणून आपण झटक्यावर पैसे खर्च करतो. झटक्यांच्या मधले दिवस शांत असतात म्हणून त्या दिवसांत काहीच करीत नाही. वास्तविक दमा आटोक्यात येतो तो या शांत दिवसांत.

जगातील दम्याच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, परंतु दम्याने जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. रुग्णांच्या मानाने मृत्यू तिपटीहून अधिक का व्हावेत? आजार येथे अधिक दुष्ट आहे असे नव्हे. औषध उपलब्ध असूनही ते घेतले जात नाही, घेतले तर चुकीच्या रीतीने घेतले जाते, किंवा घेण्याची लाज वाटते. यांपैकी तिन्ही गोष्टी आमच्या घरात घडल्या.

२०२२ च्या जुलैत आपल्या कुरुंद्यात पुराचे पाणी शिरले ते आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले आहे. आमच्या मागील खोल्यांत गुडघाभर पाणी होते. पाणी ओसरले, गाळ उपसला, भिंतींना वरून चुना दिला, आणि आम्ही मोकळे झालो. भिंतीच्या पोटातील ओल मात्र गेली नव्हती. त्याच वर्षीच्या थंडीत आमचा पाच वर्षांचा नातू एका रात्री उठून बसला. त्यास आडवे होता येईना, बोलता येईना. दर श्वासाबरोबर बरगड्यांमधील कातडी आत ओढली जात होती. शेजाऱ्यांची जीप काढून त्यास वसमतला नेले. तेथे वाफेतून औषध देताच अर्ध्या तासात लेकरू झोपी गेले. डॉक्टरांनी दोन पंप लिहून दिले. एक झटक्याच्या वेळी घ्यावयाचा आणि दुसरा रोज.

आम्ही दोन्ही पंप घरी आणले आणि कपाटात ठेवले.

याचे कारण आपणांस सांगावयास नको. 'पंप एकदा लागला की जन्माचा लागतो' हे वाक्य आमच्या मातोश्रींनी म्हटले, आमच्या पत्नीने म्हटले, आणि ज्या आम्ही चाळीस-चाळीस मुलांना विज्ञान शिकविले त्या आम्हीही मान हलविली. पंपाऐवजी आम्ही गोळ्या आणि बाटलीतील औषध देत राहिलो, कारण ते 'सौम्य' वाटे. पुढे आम्हांस कळले की झटक्यावरील जे औषध आहे, सालब्युटामॉल, त्याची गोळी २ अथवा ४ मिलिग्रॅमची असते, आणि पंपाच्या एका झोतात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम असते. म्हणजे लहान गोळीतसुद्धा एका झोताच्या वीसपट औषध. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सर्व अंगात जाते, हात थरथरवते, छाती धडधडवते आणि उशिराने फुफ्फुसात पोहोचते. झोत सरळ फुफ्फुसात जातो आणि काही मिनिटांत गुण देतो. शिक्षकाला हा त्रैराशिकाचा हिशेब साधा होता. तो आम्ही मांडलाच नाही, याची खंत अजून वाटते.

पुढे २०२३ चा जून आला. मृगाला हैदराबादेस जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून तो मासा गिळवितात, हे आपल्या मराठवाड्यात सर्वांस ठाऊक आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादची वाट आपल्या वाडवडिलांच्या पायांखालची. कोरोनामुळे तीन वर्षे बंद पडलेले हे औषध त्या वर्षी पुन्हा सुरू झाले होते. आम्ही नातवास घेऊन गेलो. माणसांचा महापूर होता. नातवाने मासा गिळला नाही, रडला, ओकला. शेवटी शाकाहारी मंडळींस देतात तसा गुळातून दिला. श्रद्धेने जाणाऱ्यांची आम्ही थट्टा करणार नाही, कारण आम्हीही त्याच रांगेत होतो. इतकेच सांगतो की या औषधाचा दम्यावर गुण येतो असे कोणत्याही शास्त्रीय तपासणीत सिद्ध झालेले नाही, आणि त्या ऑगस्टमध्ये आमच्या नातवास पहिल्याहून मोठा झटका आला.

आता ज्या बाईंमुळे हे भाषण होत आहे त्यांच्याकडे वळतो. त्यांचे नाव घेत नाही. त्यांचाच तसा आग्रह आहे. त्या आपल्या गावातील आशा स्वयंसेविका. आशांची योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात सुरू झाली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक, त्याच गावची विवाहित, विधवा वा परित्यक्ता स्त्री निवडावयाची असा तिचा नियम. बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत ठरलेल्या फेऱ्या, लसीकरण, लेकरांचा श्वास मोजणे अशी कामे या स्त्रिया करतात. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. त्यांचा मानमरातब जिनिव्हात झाला. कुरुंद्यात आमच्या घरी मात्र त्यांस ओसरीवर बसवीत.

ओसरीवर का, हे स्पष्ट बोलले पाहिजे. त्या आपल्या ज्ञातीच्या नव्हेत. त्या आल्या की मातोश्री आतून म्हणत, 'बाई, तिथंच बसा, लेकराला भाईर आणते.' पाण्याचा पेला निराळा असे. मातोश्रींच्या वयाच्या आड आम्ही लपणार नाही. आम्ही त्याच ओसरीवर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचीत असू आणि एक शब्दही बोलत नसू. ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून हे सांगणे काहींना रुचणार नाही. परंतु ज्याला दमा घरातून घालवावयाचा आहे त्याला हे टाळून पुढे जाता येत नाही. दम्याची कारणे ओसरीवर ठेवलेली नसतात. ती न्हाणीत, माजघरात, लेकराच्या अंथरुणाखाली असतात. ती पाहावयास जी बाई आली तिलाच आम्ही उंबऱ्याबाहेर थोपविले होते.

ऑगस्टमधील त्या झटक्यानंतर आमच्या सूनबाईंनी आम्हांस न विचारता आशाताईंना परसदारातून आत नेले. पहिल्या दिवशी ताईंनी काही शिकविले नाही. 'वहिनी, रात्री लेकरू झोपतं कुठं, ती जागा मला दाखवा', एवढेच म्हणाल्या. मग त्या घरभर फिरल्या. जे आम्हांस साठ वर्षांत दिसले नाही ते त्यांस अर्ध्या तासात दिसले. स्वयंपाकाला आमच्याकडे गॅस आहे. परंतु अंघोळीचे पाणी न्हाणीतील चुलीवर, तुराट्या आणि पऱ्हाट्या जाळून तापते, आणि त्या न्हाणीचा धूर ज्या खोलीत शिरतो त्याच खोलीत नातू झोपत असे. गॅस आला म्हणजे धूर गेला, अशी आपल्या पुष्कळ घरांची समजूत आहे. लेकराचा पलंग पुराच्या ओलीच्या भिंतीला लागून होता. पलंग ओढला तेव्हा मागे काळ्या बुरशीचे नकाशे उमटलेले दिसले. पलंगाखाली डासांची कॉइल. चीन व मलेशियातील कॉइलींची तपासणी करून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका कॉइलीतून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरले होते. दारे-खिडक्या लावून आम्ही रोज रात्री ती लेकराच्या नाकाखाली लावीत होतो, तीही त्याला डास चावू नयेत या प्रेमाने.

बाहेर आल्यावर ताई आमच्यासमोर उभ्या राहिल्या. आमच्या हातात बिडी होती. त्या हसून म्हणाल्या, 'गुरुजी, अर्धं कारण तर इथं ओसरीवरच बसलंय. म्या काय बोलू?'

सदतीस वर्षांची बिडी होती ती. एका दिवसात सुटली असे सांगितले तर खोटे होईल. आधी घराबाहेर गेली, मग चार महिन्यांनी सुटली.

ताईंच्या फेऱ्या पुढे सात-आठ महिने चालू राहिल्या, आणि आमचा मुद्दा या वारंवार येण्यातच आहे. डॉक्टरांनी सर्व सांगितले होते. पण दवाखान्यात लेकरू रडत असते, बाहेर रांग असते, आणि दहा मिनिटांत सांगितलेले दोन दिवसांत विसरते. ताई एका वेळी एकच गोष्ट सांगत आणि पुढच्या खेपेस ती झाली का ते पाहत. औषधाची मात्रा त्यांनी कधी बदलली नाही. 'ते डॉक्टरांचं काम हाय', असे त्या म्हणत. डॉक्टरांनी जे लिहिले ते घरात उतरविणे हे त्यांचे काम. पंपाचा एक झोत दाबून लेकराला लगेच 'ओढ' म्हटले तर औषध जिभेवर आणि घशात चिकटते. यासाठी स्पेसर नावाचा पोकळ नळा लावतात. झोत नळ्यात सोडावयाचा आणि लेकराने सावकाश पाच-सहा श्वास घ्यावयाचे. अगदी लहान लेकराला नळ्याच्या तोंडाशी मुखवटा लागतो. दुसरा झोत हवा असेल तर पुन्हा पंप हलवून, पुन्हा तसेच. रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरावयाची, नाहीतर तोंड येते. हे आम्ही सहा महिने चुकीचे करीत होतो, आणि 'पंपाने गुण नाही' असे सगळ्या गल्लीत सांगत होतो.

रोजच्या पंपात स्टिरॉइड असते. या शब्दाची भीती आम्हांसही होती, आणि ती अगदीच अनाठायी नव्हे. रोजच्या पंपाने लेकराची उंची किंचित, सुमारे एक सेंटिमीटरच्या आसपास, कमी राहू शकते असे दीर्घकाळ केलेल्या अभ्यासांत दिसले आहे. हे लपवू नये. परंतु पंपातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, आणि झटका आल्यावर द्यावी लागणारी स्टिरॉइडची गोळी मिलिग्रॅममध्ये. वर्षातून चार वेळा झटका येऊन चार वेळा गोळ्यांचा मारा करण्यापेक्षा रोजची लहान मात्रा लेकराला पुष्कळ सुखाची. शिवाय रात्र रात्र जागणारे, जेवण न जाणारे लेकरू उंचीने वाढते तरी किती?

ताईंनी सूनबाईंकडून दिनदर्शिकेच्या पाठीमागे एक तक्ता करून घेतला आणि तो कपाटाच्या दारावर चिकटविला. हिरव्या भागात रोजचे औषध. पिवळ्या भागात खोकला वाढला, रात्री जाग आली, खेळताना धाप लागली तर काय करावयाचे ते, डॉक्टरांच्या सहीनिशी. तांबड्या भागात एकच ओळ: लेकराला वाक्य पुरे करता येत नसेल, पाणी पिता येत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर झाले असतील अथवा ते गुंगीत जात असेल तर झटक्याचा पंप देत देत १०८ ला फोन. छातीचा आवाज एकाएकी बंद झाला आणि लेकरू मात्र थकलेलेच दिसते, तर 'बरे वाटले' असे समजू नये. हवा आत जाईनाशी झाली की आवाजही बंद होतो. दिनदर्शिकेच्या पुढच्या बाजूस पंप सुरू केल्याचा दिवस लिहिलेला असे. एका पंपात सहसा २०० झोत असतात; रोज चार झोत लागत असतील तर पन्नास दिवसांनी तो संपतो, मग हलविल्यावर आवाज येवो की न येवो. कित्येक घरांत रिकामा पंप महिनोन्‌महिने चालू असतो.

आणखी एक गोष्ट ताईंनी आम्हांस शिकविली ती आपल्या गावचे पंचांग म्हणावे अशी. पहिल्या पावसानंतर बांधावर गाजरगवत फोफावते. हे गवत पुण्याच्या परिसरात १९५५ च्या सुमारास प्रथम नोंदले गेले आणि आता ते नाही असा बांध उरलेला नाही. मग सोयाबीनची मळणी आणि तिची धूळ. दसऱ्याच्या आधीची झाडलोट. दिवाळीचे फटाके. थंडीत उसाचे पाचट जाळतात, आणि फेब्रुवारी-मार्चपासून हळद शिजविणे, वाळविणे आणि ढोलात घालून पॉलिश करणे. हळदीवर आमचा राग नाही. वसमतच्या बाजारावर आपल्या निम्म्या घरांची चूल पेटते. परंतु ढोल फिरतो त्या दिवशी दम्याच्या लेकराला खळ्यावर नेण्याचे काय कारण? बाळंतीण आणि बाळाला धुरी देण्याची आपली रीतही ताईंनी बंद करविली. ओवा असो, धूप असो, लेकराच्या फुफ्फुसाला धूर तो धूरच.

हा पंप मुळात कसा निघाला हेही ऐकण्यासारखे आहे. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतील रायकर या औषध कंपनीच्या अध्यक्षांची, जॉर्ज मेसन यांची, तेरा वर्षांची मुलगी दम्याने आजारी असे. तिला रबरी फुगा दाबून काचेच्या नाजूक भांड्यातून औषध घ्यावे लागे. तिने वडिलांना विचारले, 'केसांवर मारण्याच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डबीत का घालीत नाही?' पुढच्याच वर्षी, १९५६ साली, तशी डबी बाजारात आली. सालब्युटामॉल १९६९ साली आले आणि श्वासातून घ्यावयाचे स्टिरॉइड १९७२ साली. म्हणजे पंप आपणास वाटतो तितका नवा नव्हे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तारुण्यातच तो जगात होता. मुलीच्या प्रश्नास बापाने उत्तर दिले म्हणून तो आला. आपल्या घरात मुली किती प्रश्न विचारतात आणि आपण कितींना उत्तर देतो, हा निराळा विषय; असो.

घरोघर जाणाऱ्या बाईने लेकरांचे आजार आवरावेत ही कल्पनाही आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. पूर्वीच्या अहमदनगर, आता अहिल्यानगर म्हणविल्या जाणाऱ्या जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले आणि गावच्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेवेचे शिक्षण दिले. त्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील स्त्रियाही होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील माणसांस लेकरांचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखावयास शिकविले, आणि त्याने बालमृत्यू घटल्याचे १९९० साली 'लॅन्सेट' या विलायती नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन महिन्यांवरील पण वर्षाच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ५० वा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या लेकराचा ४० वा अधिक असेल तर तो जलद समजावयाचा, हे आज प्रत्येक आशेला ठाऊक असते. अडचण अशी की दम्यातही श्वास जलद होतो. दम्याचे लेकरू वारंवार न्यूमोनियाचे समजले जाते आणि दर खेपेस प्रतिजैविकांची बाटली संपविते. म्हणून वर्षातून तीन-चार वेळा 'छाती भरणाऱ्या' लेकराविषयी डॉक्टरांस 'हा दमा तर नव्हे?' असे आपण होऊन विचारावे. शाळा-अंगणवाड्यांत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाच्या तपासणी-यादीतही हा आजार आहे; परंतु आई-बापांनी तो सांगितलाच नाही तर एका दिवसाच्या तपासणीत तो सापडावा कसा?

दम्यापुरते बोलावयाचे तर अमेरिकेतील सिॲटल शहरात गरीब वस्तीतील २७४ कुटुंबांत असा प्रयोग झाला आणि त्याचा वृत्तांत २००५ साली प्रसिद्ध झाला. काही घरी आरोग्यसेविका एकदाच गेली. काही घरी ती वर्षभर वारंवार गेली, अंथरुणे, ओल, धूळ पाहत राहिली. वारंवार गेलेल्या घरांत तातडीने दवाखाना गाठावा लागणाऱ्या लेकरांचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. एकदाच गेलेल्या घरांत ते २० वरून १६ वर येऊन थांबले. त्या सेविका त्याच लोकांतील, त्यांचीच भाषा बोलणाऱ्या होत्या. आमच्या घरी जे घडले तेही याहून निराळे नव्हे. नातू आता आठ वर्षांचा आहे. गेल्या दीड वर्षात त्यास रात्री दवाखान्यात न्यावे लागलेले नाही. तो बरा झाला असे आम्ही म्हणत नाही. त्याचा दमा त्याच्या मुठीत आहे, एवढेच म्हणतो.

आता एक अवघड गोष्ट. या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांत उपवर मुला-मुलींची माहिती छापलेली असते. उंची, शिक्षण, रंग, गोत्र, अपेक्षा, सर्व काही असते. त्या पानांच्या भीतीने आपण लेकीचा दमा लपवितो. आमच्या परिचयाच्या एका घरची मुलगी, नाव-गाव सांगणार नाही, सासरी जाताना पंप ट्रंकेच्या तळाशी साड्यांखाली ठेवून गेली. आईनेच तशी ताकीद दिली होती. दिवस गेल्यावर तिने पंप पूर्णच सोडला, कारण सासूसमोर घेता येईना आणि पोटातील जिवास बाधेल असेही कोणी सांगितले. सहाव्या महिन्यात मध्यरात्री तिला नांदेडला न्यावे लागले. ती वाचली, बाळही वाचले. नवऱ्याला बायकोचा आजार डॉक्टरांच्या तोंडून कळला. तो एवढेच म्हणाला, 'मला आधी सांगितलं असतं तर पंप मीच आणून दिला असता.' गरोदरपणात पंप सोडावयाचा नसतो. न घेण्यात बाळाला धोका अधिक, कारण आईचा श्वास तोच बाळाचा श्वास. परंतु लपविण्याची सवय लहानपणी लागते. सात वर्षांच्या मुलीला 'पाहुणे आले, पंप आत ठेव' असे आपण म्हणतो, तेव्हा ती औषधाची नव्हे, स्वतःची लाज शिकते.

मंडळाकडे आमचे मागणे फार मोठे नाही. दम्याच्या लेकराच्या घरी महिनोन्‌महिने जाणे हे आशांच्या मोबदल्याच्या यादीत आम्ही तरी पाहिले नाही. आमच्या घरी ताई आल्या त्या आपल्या मनाने. मंगल कार्यालय महिन्यातून एका रविवारी दुपारी रिकामे असते. ते दम्याच्या लेकरांच्या आयांसाठी उघडे ठेवावे, आपल्या ज्ञातीच्या असोत वा नसोत. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आणि गावच्या आशांना, त्यांच्या गटप्रवर्तकांसह, सन्मानाने बोलवावे आणि त्यांच्या वेळेचे मानधन मंडळाच्या निधीतून द्यावे. संक्रांतीच्या हळदीकुंकवात आपल्या भगिनी दरवर्षी प्लास्टिकचे डबे वाण म्हणून लुटतात. एखाद्या वर्षी ज्या घरी गरज आहे तेथे स्पेसर द्यावेत. आणि त्या हळदीकुंकवाला आशाताईंना बोलवावे, आत, पाटावर.

आमच्या मातोश्री सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. गेल्या संक्रांतीला त्यांनी ताईंना माजघरात बसवून स्वतःच्या हाताने चहा दिला. पेला घरातलाच होता. आम्ही काही बोललो नाही. त्याही नाही.

बोलणे लांबले. जाता जाता एक वस्तू दाखवावयाची आहे. ही अर्ध्या लिटरची साधी प्लास्टिकची बाटली. हिच्या बुडाला तापलेल्या तारेने पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडले आहे, पंप त्यात घट्ट बसविला आहे, फटी डिंकाने बंद केल्या आहेत, आणि लेकराने बाटलीच्या तोंडाने श्वास घ्यावयाचा. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनच्या बालरुग्णालयात डॉ. हेदर झार यांनी १९९९ साली ही बाटली विकतच्या स्पेसरशी ताडून पाहिली, तेव्हा झटक्याच्या वेळी मोठ्या लेकरांना दोहोंचा गुण सारखाच आला. विकतचा स्पेसर मिळत असेल तर तोच घ्यावा. रात्री-बेरात्री नसेल तर ही आहे. साबणाच्या पाण्यात धुऊन न पुसता वाळवावयाची, म्हणजे औषध आत चिकटत नाही. आशाताई मागच्या रांगेत बसल्या आहेत; त्या पंगत बसण्याआधी व्यासपीठाजवळ ती करून दाखवितील. ज्यांच्या घरी दम्याचे लेकरू आहे त्यांनी यावे. ज्यांच्या घरी नाही असे ज्यांना वाटते, त्यांनीही यावे.